लाटसाहेबांचे दोन कागद

साहेब कुणालाच नावानं हाक मारायचे नाहीत. माळ्याला 'माळी', आचाऱ्याला फौजी मुदपाकखान्यावरून 'लंगर', मला 'स्टेनो' आणि बाईसाहेबांना, म्हणजे स्वतःच्या लग्नाच्या बायकोला, घरची कोठी सांभाळतात म्हणून 'क्वार्टरमास्तर'. बाईसाहेब हसून म्हणायच्या, "लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हाही हेच म्हणणार होते, पण तेव्हा नुसते लेफ्टनंट होते, धीर झाला नाही." माझं नाव त्यांना ठाऊक तरी आहे का, याची पहिली दोन वर्षं मला शंकाच होती. पगाराच्या पाकिटावरही 'स्टेनो' एवढंच असायचं.

मी मुळात घाबरट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बस चुकेल का, कार्बन उलटा लागला का, घराला कुलूप लावलं का, नाशिकरोडहून देवळाली कॅम्पपर्यंत जाताना मी एवढ्याच काळज्या करत जायची आणि परत येताना नव्या काळज्या घेऊन यायची. असल्या बाईच्या हातात एका दुपारी एका माणसाची फाशी आली. चेष्टा नाही करत. तो माणूस फासावर जाणार की नाही हे ठरवणारा कागद माझ्या हातात होता, आणि बंगल्यात विचारायला कुणी नव्हतं. ते कसं झालं हे सांगायचं तर आधी साहेब सांगायला हवेत.

सत्तरच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. साहेब लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त होऊन कॅम्पात राहायला आले होते आणि त्यांना पत्रव्यवहारासाठी कुणीतरी हवं होतं. आमच्या टायपिंग क्लासच्या मास्तरांनी मला पाठवलं. मुलाखत म्हटलं की मला धास्ती असायची ती एकाच प्रश्नाची. तेव्हा नोकरी मागायला गेलं की दुसरा प्रश्न आडनावाचा असायचा. आडनाव सांगितलं की तिसरा प्रश्न यायचाच नाही, "कळवतो" म्हणायचे. आम्ही बौद्ध, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमागच्या कॉलनीत राहणारे. वडील प्रेसमध्ये कामगार. असली तीन 'कळवतो' मी त्याच वर्षी पचवली होती.

मी अर्धा तास आधी पोचले आणि फाटकासमोर येरझाऱ्या घालत बसले. साहेब व्हरांड्यातून सगळं बघत होते. शेवटी ओरडले, "गस्त घालून झाली असेल तर आत ये."

आत गेल्यावर विचारलं, "स्पीड किती?"

"शॉर्टहँड शंभर. टाइप पंचेचाळीस."

"खरं सांग."

"टाइप कधीकधी चाळीस."

"चाळीस लिहितो. भितेस का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "हो साहेब."

"बरंय. न भिणारे कागद दुसऱ्यांदा वाचत नाहीत. उद्यापासून ये."

मी दारापर्यंत गेले आणि थांबले. म्हटलं, नंतर कळून हाकलण्यापेक्षा आत्ताच सांगावं. "साहेब, आडनाव..."

"ते टाइप करायला लागतं का?" एवढं विचारून ते पेपर वाचायला लागले. मी बसमध्ये बसले तेव्हा मला रडू आलं. कंडक्टर बिचारा म्हणाला, "ताई, सुट्टे नसले तरी चालतील."

साहेब मूळचे सायखेड्याचे. नदीकाठच्या मळ्यात जन्मलेले, भावंडांत चौथे. वडिलांनी शिकायला नाशकाच्या बोर्डिंगात टाकलं, तिथून ते पलटणीत गेले ते तोफखान्यात. तोफांनी डावा कान गेला होता, म्हणून कागद वाचून दाखवायचा तर त्यांच्या उजव्या हाताला उभं राहावं लागे. बोलायचे आपलं शहरी, पण राग आला किंवा फार बरं वाटलं की सायखेडा बाहेर पडायचा. 'नाही'चं 'नाय' झालं की समजायचं, आता काहीतरी आतलं बोलतायत. लढायांच्या गोष्टी सांगा म्हटलं तर खेचरांच्या सांगायचे. कुठलं खेचर बर्फात अडून बसलं, कुठलं तोफेचं चाक पाठीवर घेऊन रात्रभर चाललं. माणसांचा विषय निघाला की म्हणायचे, "स्टेनो, पुढचं पत्र घे."

आता त्यांची ती सवय सांगते. सगळं तिच्यावरच येऊन अडलं.

साहेबांना कुठलाही निर्णय घ्यायचा झाला की ते दोन कागद टाइप करून घ्यायचे. एक होकाराचा, एक नकाराचा. दोन्ही पक्के, शुद्ध, सहीपुरते तयार. होकार टेबलावर उजव्या बाजूला, नकार डाव्या बाजूला. मग साहेब बंगल्याला एक चक्कर मारून यायचे, पेन उघडायचे, एकावर सही करायचे आणि दुसरा स्वतःच्या हातानं फाडायचे. इतका बारीक फाडायचे की पोह्यात घातला तर कळणार नाही. मी एकदा धीर करून विचारलं, आधी ठरवून मग एकच कागद टाइप केला तर?

"फौजेत हल्ल्याचा हुकूम आणि माघारीचा हुकूम दोन्ही आधी लिहून ठेवायचे," ते म्हणाले. "वेळ आली की डोकं चालत नाय. हात चालतो. हाताला तयार कागद लागतो."

फौजेत ठीक होतं हो. पण हे गृहस्थ शेजारच्या निवृत्त कर्नलच्या कोंबड्यासाठीही तेच करायचे! तो कोंबडा पहाटे साडेतीनला आरवायचा. साहेबांनी मला दोन पत्रं सांगितली. उजवं: 'आपला कोंबडा आमच्या कुटुंबाच्या झोपेस बाधक ठरत असून त्याचा आठ दिवसांत बंदोबस्त करावा.' डावं: 'आपला कोंबडा आम्हांस आवडतो. त्याची प्रकृती उत्तम असावी ही सदिच्छा.' दोन्ही मी गंभीर चेहऱ्यानं टाइप केली, दोन्हीच्या कार्बन कॉपी काढल्या. साहेब चक्कर मारून आले, डाव्यावर सही केली. म्हणाले, "जाऊ दे. त्याचं घड्याळ पुढे आहे, मन वाईट नाय." कर्नलसाहेबांना ते सदिच्छापत्र मिळालं तेव्हा त्यांनी काय समजायचं ते समजून दोन महिने बोलणं टाकलं.

बाईसाहेबांना या प्रकाराचा वैताग होता. भाजी काय करायची विचारलं तरी म्हणायचे, "वांगी आणि दुधी, दोन्ही चिरून ठेवा, बघतो." बाईसाहेब म्हणायच्या, "आणि दुसरी चिरलेली काय फाडून टाकू?" पण मला सांगायच्या, "तू हसू नकोस हं. त्या डोंगरावर एकदा दुसरा कागद तयार नव्हता. तेव्हापासून हे आहे." कुठला डोंगर, काय झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

राज्यपाल व्हाल का, असं दिल्लीहून विचारणारं पत्र आलं तेव्हाही आमचे दोन कागद झाले. होकार गेला तर साहेब जाणार, म्हणजे माझी नोकरी जाणार. मी मनातल्या मनात डाव्या कागदाला हात जोडले. साहेब बाहेर गेले ते त्या दिवशी तीन चकरा मारून आले, उजव्यावर सही केली, डावा फाडला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "स्टेनो, बंगला इथंच राहणार हाय. वर्षातून दोनदा येईन. टपाल कोण बघणार?" तशी मी 'कॅम्प ऑफिस'ची हंगामी टंकलेखिका झाले. आईनं कॉलनीत पेढे वाटले. मी घरी येऊन हंगामी म्हणजे नेमकं किती, याची काळजी करत बसले.

राज्य कुठलं ते सांगत नाही. लांबचं होतं एवढं पुरे. जाण्याआधी सायखेड्याची मंडळी हार घेऊन ट्रॅक्टरमधून आली. त्यांच्यात साहेबांबरोबर नदीत पोहलेले एक म्हातारे होते. ते सोफ्यावर बसेनात, जमिनीवर बैठक मारून म्हणाले, "मंग आता तू लाट झाला म्हणायचं."

"झालो."

"लाटाला काम काय असतंय रे?"

"काय नाय. फीत कापायची, भाषण वाचायचं, सही करायची."

"कशावर सही?"

"ते पाठवतील त्याच्यावर."

म्हातारे म्हणाले, "म्हंजे आपल्या सोसायटीच्या चेरमनला तुझ्यापरीस जास्त हाय की!" सगळी हसली. साहेबही हसले. पण नंतर मला पत्र सांगताना एकच वाक्य तीन वेळा चुकले.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत आले तेव्हा बंगल्याचं रूपच पालटलं होतं. हिरवळीवर पोलिसांची राहुटी, फाटकाशी बंदूकवाला, दिव्याची गाडी आणि एक तरुण कॅप्टन, साहेबांचा एडीसी, सतत दोन पावलं मागे. साहेब वैतागलेले. विधानसभेत त्यांना सरकारनं लिहिलेलं भाषण वाचावं लागायचं. "त्यात पंधरा वेळा 'माझं सरकार' म्हणायचं असतं, स्टेनो. माझं सरकार हे करणार, माझं सरकार ते करणार. माझं म्हणे! मला विचारत पण नाय!" तिथल्या राजभवनात दोन कागदांची पद्धत चालत नव्हती. सचिव एकच कागद आणायचे, सहीच्या जागी पेन्सिलीची बारीक फुली मारलेला. छत्तीस वर्षं हुकूम दिलेला माणूस फुलीवर सही करून करून आतून कुरतडल्यासारखा दिसायला लागला होता. मला त्यांची काळजी वाटायची. म्हणजे बाकीच्या काळज्या होत्याच, त्यात ही एक.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात ते सुट्टीवर आलेले असताना ती फाइल आली.

तिकडचे एक अवर सचिव स्वतः रेल्वेनं घेऊन आले, कारण तारीख जवळ आली होती. एका माणसाला फाशी ठरली होती, आणि त्याच्या आईनं राज्यपालांकडे दयेचा अर्ज केला होता. अर्जाखाली तिचा अंगठा. बांधावरून भांडण होऊन या माणसानं चुलतभावाला कुऱ्हाडीनं मारलं होतं. मंत्रिमंडळाचा सल्ला होता, अर्ज फेटाळावा. राज्यपालाला दयेचा अधिकार असतो म्हणतात, पण तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच वापरायचा असतो. फार तर एकदा 'पुन्हा विचार करा' म्हणून फाइल परत पाठवता येते. एवढंच एक दार साहेबांच्या हातात होतं.

आणि तो माणूस होता निवृत्त हवालदार. तोफखान्यातला.

तीन दिवस साहेब ती फाइल उघडत होते आणि मिटत होते. जेवण पानात राहायचं. मला अर्ज वाचून दाखवायला सांगायचे आणि त्या आईच्या ओळी आल्या की हात वर करायचे, पुढे वाच म्हणून. मधूनच स्वतःशी म्हणायचे, "फौजी हाय." थोड्या वेळानं पुन्हा, "फौजी हाय ना, म्हणूनच अवघड हाय." मी मनात म्हणायची, सोडतील. आपला माणूस आहे, साहेब परत पाठवतील फाइल. इतकी खात्री मला आयुष्यात कुठल्याच गोष्टीची नव्हती.

चौथ्या दिवशी अवर सचिव म्हणाले, आज संध्याकाळच्या गाडीनं निघायलाच हवं. साहेबांनी मला दोन कागद सांगितले. उजवा, म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला होकार: अर्ज फेटाळला. डावा: मंत्रिमंडळाकडे फेरविचारासाठी परत. राजभवनात गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी दोन कागद मागितले होते. मी टाइप केले, दोनदा वाचले, टेबलावर दोन बाजूंना ठेवले. साहेब उठले, पुन्हा बसले, दंड चोळायला लागले.

"हात लय जड झालाय गं," ते म्हणाले. "सही वाकडी येईल नंतर. आत्ताच करून ठेवतो."

आणि त्यांनी दोन्ही कागदांवर सह्या केल्या. दोन्हींवर! मी इतकी वर्षं बघत होते, असं कधी झालं नव्हतं.

"चक्कर मारून येतो. आलो की एक फाडतो," म्हणून ते बाहेर गेले. दारातल्या कॅप्टननं त्यांना सही करताना पाहिलं. त्यानं अवर सचिवांना खूण केली, झालं म्हणून.

साहेब पेरूच्या झाडापाशी पोचले आणि खाली बसले. मला वाटलं, बूट बांधतायत. मग माळी ओरडला.

पुढचं सगळं घाईगर्दीत झालं. मिलिटरी हॉस्पिटलची गाडी आली, हृदयाचा झटका म्हणाले. साहेब शुद्धीवर नव्हते. बाईसाहेब पायात चप्पल न घालताच गाडीत चढल्या, कॅप्टन पुढे बसला, गाडी गेली. हिरवळीवर साहेबांची काठी पडलेली. ऑफिसात मी, टेबलावर दोन सह्या, आणि दारात अवर सचिव.

"मॅडम, साइन हो गया है ना? कॅप्टन साब ने बताया. लिफाफा दे दीजिए, मेरी गाडी छूट जाएगी."

मी म्हटलं, "साहेबांना बरं वाटेपर्यंत..."

"देखिए," ते समजुतीनं म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "साहब बीमार हैं तो चार्ज किसी और को मिलेगा. कल नहीं तो परसों साइन हो ही जाएगा. रोकने से क्या फायदा?"

म्हणजे काहीच न पाठवणं हाही एक कागदच होता, आणि तो उजव्यासारखाच होता. मी म्हटलं, "पाच मिनिटं. लाख लावते," आणि दार लोटलं.

दोन कागद आहेत असं बाहेर जाऊन सांगावं? मग कुठला न्यायचा हे ते ठरवतील, आणि कुठला ठरवतील ते मला दिसत होतं. स्वतःच एक घालावा? मग मी कोण? चाळीस स्पीडची हंगामी बाई. उघडकीला आलं तर तुरुंग. वडिलांची नोकरी, कॉलनीत आईचं तोंड, सगळं डोळ्यांसमोर आलं. बाहेर अवर सचिव घड्याळ बघत खोकत होते.

लोकांना वाटेल, माझ्या मनात दया आली. खोटं कशाला सांगू? त्या माणसाचा चेहराही मला माहीत नव्हता, आणि ज्याला त्यानं मारलं त्यालाही आई असेलच. माझ्या डोक्यात आलं ते टायपिस्टच्या डोक्यात येणारं. डावा कागद चुकीचा गेला, तर पुन्हा एक कागद टाइप करून चूक सुधारता येते. उजवा चुकीचा गेला, तर कुठला कागद टाइप करणार? आणि साहेब तर म्हणतच होते, फौजी हाय, फौजी हाय. मी डावा घातला. लाख लावताना बोट भाजलं ते घरी जाईपर्यंत कळलं नाही. उजवा घडी करून डब्याच्या पिशवीत टाकला आणि पाकीट अवर सचिवांच्या हातात दिलं. "थँक्यू मॅडम, घबराइए मत," म्हणून ते गेले.

घबराइए मत म्हणे! पुढचे बारा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिकडे कार्यभार दुसऱ्यांकडे गेला. तिसऱ्या दिवशी तिथल्या सचिवांचा फोन आला. फाइल परत कशी काय पाठवली, साहेब काही बोलले होते का? मी म्हटलं, "मला माहीत नाही सर, मी फक्त टाइप करते." रिसीव्हर ठेवला तेव्हा तो हाताला चिकटला होता, इतका घाम आला होता. फाटकाशी जीप वाजली की वाटायचं, आली पोलिसांची गाडी. तिथं पोलीस आधीपासूनच राहुटी टाकून बसले होते हेही मी विसरून जायची. डब्याची पिशवी मी रोज नेत होते आणि रोज आणत होते. ती घरी ठेवायची भीती, ऑफिसात ठेवायची भीती.

बाराव्या दिवशी बाईसाहेब म्हणाल्या, "चल, त्यांनी तुला भेटायला बोलावलंय." साहेब पलंगावर उशांना टेकून बसले होते. इतके बारीक दिसले की मला ओरडून रडावंसं वाटलं. बाईसाहेब डॉक्टरांकडे गेल्या तशी मी उजव्या हाताला जाऊन उभी राहिले.

"साहेब, दोन्हींवर सह्या होत्या."

"हां."

"अवर सचिव थांबेनात. मी डावा पाठवला."

साहेबांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग हळू म्हणाले, "मी चक्कर मारताना ठरवलं होतं. मला उजवा पाठवायचा होता."

एवढी एक खात्री होती आयुष्यातली, तीही चुकली! आणि तेवढ्यात तो कॅप्टन आत आला. सलाम करून म्हणाला, "सर, सेक्रेटरींचा निरोप आहे. त्या दयेच्या फाइलवर आपली सही आजारपणात झाली असेल, तर ती रद्द समजून नवा कागद पाठवता येईल म्हणतात. काय कळवू?"

मी पलंगाची दांडी धरली. साहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, तो हवालदार त्या खोलीतच उभा आहे आणि तोही वाट बघतोय.

"कळव," साहेब म्हणाले, "सही माझी आहे. मी शुद्धीत होतो. कागद गेलाय तो बरोबर गेलाय."

कॅप्टन गेला. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही माझ्यासाठी..."

"गप," ते म्हणाले. "तो दुसरा कुठाय?"

"डब्याच्या पिशवीत."

"फाड. बारीक."

मी तिथंच फाडला. साहेबांसारखा बारीक काही जमला नाही. घरी जाताना एकच गोष्ट मनात घोळत राहिली. साहेबांनी वाचवलं ते मला. त्या माणसाचं त्यांनी नाइलाजानं चालवून घेतलं. आणि मंत्रिमंडळ पुन्हा तेच म्हणालं तर मधल्या काळात त्या म्हातारीला लागलेल्या आशेचं पाप कुणाचं?

साहेब बरे होऊन ऑगस्टात परत कामावर गेले. त्यांची पत्रं यायची, बागेबद्दल, टपालाबद्दल. फाइलचा शब्द नाही. मला विचारायची सोय नव्हती. पेपरात त्या राज्याचं नाव दिसलं की मी ती घडी उलटी ठेवायची आणि थोड्या वेळानं न राहवून वाचायची.

दिवाळीच्या जरा आधी, दुपारी दीडच्या सुमाराला, बंगल्यातल्या फोनवर ट्रंक कॉल आला. साहेब स्वतः बोलत होते. त्यांनी मला स्वतःहून फोन केल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

"स्टेनो, मंत्रिमंडळानं सल्ला बदलला. जन्मठेप केली. आत्ता सही करून आलो."

मी खुर्चीत बसले आणि मला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं. बाहेरून माळी डोकावून गेला.

"रडू नको. ऐक. आवाज येतोय ना?"

"येतोय साहेब."

"तो फौजी होता ना, म्हणून मी त्याला मारणार होतो. लोक म्हणतील, लाटानं आपल्या माणसाला सोडवला. त्या एका बोलण्याला मी भ्यालो. दुसरा कुणी असता, मास्तर, सोनार, कुणीही, तर मी फाइल परत पाठवली असती. आपला होता म्हणून उजवा काढला."

"साहेब, पण आता झालं ना नीट?"

"तुझ्यामुळं झालं. मला ते तिथंच पलंगावर कळलं होतं. पण तुला सांगायला तोंड नव्हतं."

तारेवर खरखर चालली होती. मला वाटलं, लाइन तुटली.

"स्टेनो," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. "इतकी वर्षं एक पाठवला आणि एक फाडला. कधी वाटलं नाय की चुकलं असेल. आता रोज वाटतंय. जे फाडले त्यातले कुठले पाठवायचे होते, ते कुणाला विचारू गं मी?"

मला तर आयुष्यभर सगळ्याच गोष्टींची भीती वाटत आलेली, पण माझी भीती बस चुकण्याची, कार्बन उलटा लागण्याची. एवढ्या मोठ्या माणसाच्या एवढ्या मोठ्या भीतीला कुठं हात लावायचा, ते मला कळेना. शेवटी घरात कुणी फार खचलं की आमच्याकडे जे विचारतात, तेच माझ्या तोंडून गेलं.

"साहेब, तुम्ही जेवलात का?"



"नाय," साहेब म्हणाले.